गोनीदांची पायवाट : चालणं हेही एक प्रमाण



गो. नी. दांडेकरांवर बोलायचं तर एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने बोलावं, नाहीतर डोंगर पालथे घातलेल्या गडप्रेमीने. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं इथे काय काम, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. आमच्या शास्त्रात एक फार जुना प्रश्न आहे : माणसाला ज्ञान होतं ते कशाने? या प्रश्नाचं एक उत्तर गोनीदा आयुष्यभर जगले, असं आम्हाला वाटतं. त्यांनी ते सिद्धान्त म्हणून मांडलं नाही, चालून दाखवलं. ते उत्तर काय होतं आणि आज पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला त्याचं काय करायचं, एवढाच आजचा विषय.

या पट्ट्याचं नाव मुद्दाम घेतलं. निगडीवरून जुन्या मुंबई रस्त्याला लागलं की देहूरोड, सोमाटणे आणि मग तळेगाव दाभाडे. तिथे गोनीदांचं अनेक वर्षं वास्तव्य होतं. म्हणजे आज आपण बोलतोय तो लेखक आपला शेजारी. त्याचे डोंगर आपल्या खिडकीतून दिसणारे आणि त्याची नदी आपल्या नळाला येणारी. हे शेवटचं वाक्य अलंकारिक नाही. त्याकडे पुढे येऊ.

गवयाची गोष्ट

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, गोष्टच आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानतात. त्यांना प्रमाणं म्हणतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ओळखला ते अनुमान. जाणत्या, विश्वासू माणसाने सांगितलं ते शब्द. उरलं उपमान. ते समजावून सांगण्यासाठी नैयायिक शेकडो वर्षं एकच उदाहरण देत आले आहेत. ते असं.

एक शहरात राहणारा माणूस आहे. गवय नावाचा पशू असतो एवढं त्याच्या कानावर आलंय, पण त्याने तो कधी पाहिलेला नाही. त्याला एक रानात राहणारा माणूस भेटतो. हा विचारतो, गवय म्हणजे कसा असतो हो? तो सांगतो, गाईसारखा असतो. इतकंच. पुढे कधीतरी हा शहरी माणूस रानात जातो. समोर एक जनावर उभं असतं. ते गाईसारखं आहे, पण गाय नाही. त्याला ते बोलणं आठवतं आणि क्षणात उमगतं, अरे, गवय म्हणतात तो हाच! त्या शब्दाचं आणि त्या वस्तूचं नातं त्याच्या मनात जुळतं. हे जे झालं त्याला उपमिती म्हणतात.

तर्काचं पुस्तक शिकवताना हे उदाहरण आम्ही किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. यातल्या दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात. एक म्हणजे, हे ज्ञान रानातल्या माणसावाचून होत नाही. शहाणा, शिकलेला, ग्रंथ वाचलेला शहरी माणूस इथे विचारणारा आहे आणि सांगणारा आहे तो रानकरी. दुसरी गोष्ट म्हणजे, नुसतं ऐकून भागत नाही. रानात जावंच लागतं. ऐकणं हा अर्धा भाग आणि जाणं हा उरलेला अर्धा. दोन्ही मिळून ज्ञान पुरं होतं.

आता गोनीदांकडे वळू. या गोष्टीतल्या दोन्ही भूमिका त्यांनी केल्या. आधी ते विचारणारे झाले, रानातल्या, गडावरच्या, नदीकाठच्या माणसांना विचारत हिंडले. मग आपल्यासाठी ते सांगणारे झाले.

चालण्याचं शिक्षण

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला झाला. तेराव्या वर्षी, शाळेत असतानाच, स्वातंत्र्याच्या चळवळीच्या ओढीने त्यांनी घर सोडलं. शिक्षणाची रूढ वाट तिथेच संपली. पुढे गाडगे महाराजांचा सहवास लाभला. गाडगेबाबांचं सगळं कार्य पायी चाललेलं. गाव लागलं की हातात खराटा, रात्री कीर्तन, सकाळी पुढचं गाव. एखाद्या मुलाने या माणसाबरोबर काही काळ काढला, तर तो काय शिकेल? गाव वेशीवरून दिसतं तसं नसतं, झाडायला घेतलं की कळतं, हे तो शिकेल. आमच्या मते गोनीदांचं पहिलं विद्यापीठ हे.

दुसरं विद्यापीठ नर्मदेचं. परिक्रमेचे नियम आपल्याला ऐकून ठाऊक असतील. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचं पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते मागून खायचं आणि पायी चालायचं. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. यामागची श्रद्धा घटकाभर बाजूला ठेवा आणि नियमांकडे पाहा. नदी ओलांडायची नाही म्हटल्यावर जवळची वाट म्हणून काही उरत नाही. मागून खायचं म्हटल्यावर अनोळखी माणसाच्या दाराशी उभं राहावंच लागतं. एखादा प्रदेश पूर्ण कळावा म्हणून कुणी अभ्यासक्रम आखला असता, तर याहून वेगळं काय ठरवलं असतं? या अनुभवातून 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली. नावातला 'कुणी एक' ध्यानात घ्या. चालणारा स्वतःचं नावसुद्धा मागे ठेवून आलाय. त्या भटक्या वर्षांची हकिगत 'स्मरणगाथा'मध्ये आहे आणि त्या पुस्तकाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

याच वर्षांत वेदान्ताचा अभ्यासही झाला. पण तो अभ्यास एकीकडे आणि भटकंती दुसरीकडे, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. त्यांनी पुढे ज्ञानेश्वरांवर, तुकोबांवर, रामदासांवर कादंबऱ्या लिहिल्या. रामदासांवरच्या कादंबरीचं नाव काय? 'दास डोंगरी राहतो'. या संताची ओळख करून देताना आधी त्याचा पत्ता सांगावा असं ज्या लेखकाला वाटलं, त्याच्या लेखी विचार आणि जागा या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. इंद्रायणीच्या एका टोकाला देहू, दुसरीकडे आळंदी. तुकोबा चिंतनाला जात ते भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे डोंगर आजही जागेवर आहेत. भामचंद्राच्या आसपास आता चाकण औद्योगिक क्षेत्राच्या शेड आहेत. तळेगाव-चाकण रस्त्याने पाळीला जाणाऱ्या बसच्या खिडकीतून भंडारा रोज दिसतो. पाहणारे किती, ते आम्ही विचारत नाही.

गड : शब्दांपासून वस्तूंपर्यंत

तळेगावी स्थिरावल्यावर गोनीदांनी लेखनावरच चरितार्थ चालवला. आणि गड चढले. एकदा नाही, तेच तेच गड पुन्हा पुन्हा. राजगडावर त्यांचा विशेष जीव. तिथे ते दिवसच्या दिवस मुक्काम करत. 'दुर्गदर्शन', 'दुर्गभ्रमणगाथा' ही पुस्तकं त्यातून आली. आज मराठी तरुण शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून निघतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरातल्या आधीच्या पिढीने ही पुस्तकं वाचलेली असतात.

इथे ते गवयाचं उदाहरण अगदी चपखल बसतं. माची, बालेकिल्ला, नेढं, टाकं, सोंड, घळ, नाळ, पदर... हे शब्द मराठीत होतेच. पण शहरात वाढलेल्या वाचकाला ते नुसते ध्वनी होते. माची म्हणजे डोंगराचा माथ्याखालचा, बांधून काढलेला सपाट भाग, असं कोशात वाचून माची कळत नाही. गोनीदा राजगडाच्या तीन माच्या सांगतात, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. प्रत्येकीचं रूप निराळं. ते वाचून माणूस तिथे जातो, सुवेळा माचीवर कातळाला आरपार पडलेलं भोक पाहतो आणि म्हणतो, नेढं म्हणतात ते हे! शब्द आणि वस्तू जुळले. उपमिती झाली.

आपल्या पट्ट्यातही असं एक स्थळ आहे. चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने लढवला. चाकण म्हटलं की आपल्याला वाहनांचे कारखाने आणि चौकातली वाहतूक कोंडी आठवते. त्या गर्दीत एक गड उभा आहे, त्याचे अवशेष आहेत, हे तिथे नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांच्या गावी नसतं. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी गाईसारखा गवय असतो हे सांगितलेलंच नाही.

बुधा आणि थोरो

पण नुसत्या गडांवर थांबलं तर गोनीदा अर्धेच कळतील. गड हे त्यांचं प्रेम, माणसं हे त्यांचं ज्ञान. त्यांच्या कादंबऱ्या काढा. 'शितू' आणि 'पडघवली'त कोकण आहे. 'जैत रे जैत'मध्ये ठाकर आहेत, कर्नाळ्याचा सुळका आहे, मधमाश्या आहेत. जब्बार पटेलांनी १९७७ साली त्यावर केलेला चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल. 'माचीवरला बुधा' राजमाचीची आणि 'पवनाकाठचा धोंडी' नावाप्रमाणे पवनेच्या खोऱ्यातली. शेवटच्या दोन्ही आपल्या मावळातल्या.

बुधाबद्दल थोडं सविस्तर बोलू. एक म्हातारा मुंबईला कंटाळतो आणि राजमाचीवर आपल्या जुन्या जागी परत येतो. झाडं, पाखरं, जनावरं यांच्या संगतीत राहू लागतो. कथा म्हटली तर इतकीच. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचलेल्यांना लगेच थोरो आठवेल. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला, दोन वर्षं दोन महिने राहिला आणि १८५४ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं.

दोघांत साम्य आहे, पण आम्हाला फरक जास्त मोलाचा वाटतो. थोरो एक प्रयोग करायला गेला. कमीत कमी गोष्टींवर जगून पाहावं, जगणं म्हणजे काय ते तपासावं, असा त्याचा हेतू. प्रयोग पुरा झाल्यावर तो परतला. बुधा प्रयोग करत नाही. तो घरी आलाय. त्याला निसर्ग 'पाहायचा' नाही, कारण तो त्यापासून वेगळा कधी नव्हताच. झाडाला नाव द्यायची, त्याची नोंद करायची बुधाला गरज नाही. त्याला फक्त त्या झाडाशेजारी राहायचंय. हे राहणं शहरी वाचकाला कळावं म्हणून मधे गोनीदा उभे आहेत. बुधा लिहिणार नाही आणि आपण राजमाचीवर जन्मणार नाही. दोघांच्या मधे पायवाट आहे ती या लेखकाची.

आता एक अवघड प्रश्न. अशा लिखाणाने आपण त्या जागांना गोड करून टाकतो का? राजमाचीच्या माणसाला दवाखाना लांब पडतो, पावसाळ्यात वाट बंद होते, मुलांना शिकायला खाली उतरावं लागतं. हे विसरून आपण 'काय छान जीवन' म्हणत बसलो तर तो अन्याय आहे. त्यासाठीच पुढची गोष्ट सांगायला हवी.

पवनेचं पाणी

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात उगम पावते, मावळातून वाहत रावेत, चिंचवड, पिंपरी करत दापोडीजवळ मुळेला मिळते. 'पवनाकाठचा धोंडी'वरचा मराठी चित्रपट १९६६ सालचा. त्यानंतर काही वर्षांत पवनेवरचं धरण पुरं झालं. तुंग आणि तिकोना या गडांच्या मधलं खोरं जलाशय झालं. गावं उठली. कादंबरीच्या नावात जो काठ आहे, त्याचा वरच्या खोऱ्यातला बराच भाग आज पाण्याखाली आहे.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर इथे संज्ञा उरली आणि संज्ञी गेला. शब्द आहे, वस्तू नाही. हा शहरी माणूस आता रानात गेला तरी त्याला गवय भेटणार नाही, पुस्तकातच भेटेल.

आणि ते पाणी गेलं कुठे? आपल्याकडे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. एवढी वस्ती, एवढे कारखाने पवनेवर उभे राहिले. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. पुढे हे पाणी थेट धरणातून बंद जलवाहिनीने आणायची योजना आली. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तिघे मृत्युमुखी पडले. त्यात एक महिला होती. पवनाकाठच्या धोंडीच्या गोष्टीचं हे पुढचं प्रकरण. ते कादंबरीकाराने लिहिलेलं नाही.

मग गोनीदा असते तर धरणाच्या विरोधात असते का? असा निष्कर्ष घाईने काढू नका. याच लेखकाने 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी लिहिली आहे. विषय कोणता? भाक्रा-नांगल धरणाची उभारणी. नाव पाहा. गंगा खाली आणणाऱ्या भगीरथाचे आम्ही पुत्र! म्हणजे डोंगरावर जीव टाकणाऱ्या या माणसाला धरण बांधणाऱ्या हातांचाही अभिमान वाटत होता.

यात विसंगती आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. निसर्गाचा माणूस म्हणजे यंत्राचा वैरी, ही आपण आळसाने केलेली विभागणी आहे. गोनीदांनी धरणाकडेही तेच केलं जे गडाकडे केलं. काम करणारी माणसं पाहिली आणि त्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा आग्रह 'हे नको' असा नाही, 'हे कुणाचं आहे ते आधी जाऊन पाहा' असा आहे. कारखाना हवा की डोंगर हवा, असा प्रश्न टाकला की आपण लगेच बाजू घेतो आणि मोकळे होतो. या पाण्याआधी इथे कोण राहत होतं, असा प्रश्न टाकला की मोकळं होता येत नाही.

आपण काय करायचं

राजमाचीला आता पावसाच्या तोंडाशी काजवे पाहायला गर्दी लोटते. गाड्यांचे दिवे, मोबाईलचे दिवे. काजवे उजेडाने एकमेकांना खुणा करतात. त्या खुणा पाहायला आपण जातो आणि आपल्याच उजेडात त्या बुडवतो. याला जाणं म्हणता येईल, गोनीदांच्या अर्थाने चालणं म्हणता येणार नाही.

म्हणून एक साधी सूचना. फार गड करू नका. एक डोंगर निवडा. भंडारा निवडा, घोराडेश्वर निवडा, तिकोना निवडा. वर्षातून चारदा तिथेच जा. वैशाखात करवंदं असतात तेव्हा, आषाढात, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं तेव्हा आणि थंडीत. एकदा तरी पहाटे जा, शीळकरी कस्तूर ऐकायला मिळेल. आणि प्रत्येक खेपेला तिथल्या एका माणसाशी बोला. गुराखी असेल, पुजारी असेल, ताक विकणारी मावशी असेल. वाट विचारून पुढे जाऊ नका, या झुडपाला काय म्हणता ते विचारा. तुमच्या वहीत दहा शब्द जमतील. ते दहा शब्द तुमचे असतील, कारण त्यांच्या वस्तू तुम्ही पाहिलेल्या असतील.

गोनीदा १ जून १९९८ रोजी गेले. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पुरस्कार होते, मान होता. या सगळ्यापेक्षा आम्हाला त्यांची शिस्त मोठी वाटते. जागेवर गेल्याशिवाय लिहायचं नाही आणि तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय जागा कळली असं मानायचं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, गोनीदांना निसर्गअभ्यासक म्हणता येईल का?*

सलीम अलींना ज्या अर्थाने म्हणतो त्या अर्थाने नाही. मोजमाप, नोंद, वर्गीकरण ही त्यांची वाट नव्हती. मराठीत ते काम मारुती चितमपल्लींनी केलं. वनखात्यात हयात काढून त्यांनी 'पक्षीकोश'ासारखं काम उभं केलं. व्यंकटेश माडगूळकर तिसऱ्या तऱ्हेचे, 'नागझिरा' लिहिणारे, चित्रकाराच्या डोळ्याने टिपणारे. पण एक गोष्ट तिघांत समान आहे. तिघंही रानातल्या माणसाला गुरू मानतात. नैयायिकांचा तो 'सांगणारा' तिघांच्याही लिखाणात भेटतो.

*कंपनीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्याने हे सगळं कधी करायचं?*

प्रश्न खरा आहे आणि त्यावर उपदेश करणार नाही. एवढंच सांगतो. रात्रपाळीहून परतताना पूर्वेला उजाडत असतं. बसच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो, त्याचं नाव शेजारी बसलेल्या स्थानिक माणसाला विचारा. पुष्कळदा तो त्या डोंगराखालच्याच गावचा असतो. त्याच्या वडिलांची जमीन कुठे होती, तेही तो सांगेल. सुरुवात तिथून करा. डोंगर चढायचा दिवस मागाहून येईल.